महायुद्धाची झळ मराठवाड्याला लागली नाही, हे खरं नाही

'मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून महायुद्धांची झळ इथं पोहोचलीच नाही' असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. सक्तीची सैन्यभरती नव्हती, एवढं त्यात खरं आहे. बाकीचं चुकीचं आहे.

निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूनं युद्धात होतं. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे घोडेस्वार पश्चिम आशियात लढायला गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकात हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरचे स्वार आहेत, कुणीही जाऊन पाहावं. युद्धामुळे चांदी महागली आणि 1918 मध्ये हैदराबाद संस्थानानं कायदा करून कागदी नोटा आणल्या. म्हणजे झळ थेट खिशापर्यंत आली. त्याच वर्षी युद्धावरून परतणाऱ्या जहाजांतून इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला आणि देशभर पसरला. त्यात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेली, असे अंदाज आहेत.

दुसऱ्या महायुद्धात घाव शेतकऱ्यावर बसला. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला, भाव चढले. संस्थानात सक्तीची लेव्ही आली: ठरलेल्या दरानं धान्य सरकारला द्यायचं, मग घरात कणगी रिकामी राहिली तरी. कष्टकऱ्यांचा हा राग पुढच्या निजामविरोधी लढ्यात उतरला. माझ्या मते मुक्तिसंग्राम समजून घेताना ही लेव्ही वगळताच येत नाही, आणि हा मजकूर नेमकी तीच पुसून टाकतो.

कृपया तो पुढे पाठवू नका. ज्या गटात पाठवला असेल, तिथं हा खुलासा टाका.