पुनरुक्ती फाल्कची नव्हे, दैनिक पट्टीची

‘वेताळ’ (मूळ ‘फॅन्टम’) या चित्रकथेचे लेखक ली फाल्क तेच तेच पुन्हा सांगत, हा त्यांच्यावरच्या लेखातला आरोप मला मुळीच पटला नाही. फॅन्टमची वर्तमानपत्रातली दैनिक चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ला सुरू झाली. रोज जेमतेम तीन-चार चौकटी. एक दिवस पेपर चुकलेल्या वाचकालाही गोष्ट कळायला हवी, म्हणून पहिल्या चौकटीत कालचा धागा, मधे एखादी हालचाल आणि शेवटी उद्याची ओढ. अशा महिनोन्महिने चाललेल्या पट्ट्या सलग पुस्तकात चिकटवल्या की पहिली चौकट दर वेळी खटकणारच! १९३९पासूनची रविवारची पट्टी तर वेगळीच कथा सांगे, कारण अनेक वाचकांना दोन्हींपैकी एकच मिळे. शिवाय फाल्कचीच जादूगार ‘मँड्रेक’ची चित्रकथा होतीच. असे तीन-तीन धागे हा माणूस दशकानुदशके एकाच वेळी पेलत होता, आणि लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.

फाल्कना जोखायचं तर मूळ पट्ट्यांवरून जोखा. १९६४पासूनच्या भारतातल्या ‘इंद्रजाल’ कॉमिक्समध्ये पानांत बसवण्यासाठी चौकटी गाळल्या, कापल्या जात, वेताळच्या बंगाला देशाचं डेंकाली आणि ‘सिंग’ चाच्यांचं ‘सिंगा’ही तिथेच झालं. त्यामुळे कथेतल्या काही उड्या संपादकांच्या कात्रीच्या आहेत.