‘दर्यावर्दी’ यांस उत्तर : काका, कॅलेंडरमागचं पान आणि १ जून

परवाच्या दिनविशेषाखाली ‘दर्यावर्दी’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. वेळ मुद्दाम सांगतोय, त्या वेळी माणूस काय मनःस्थितीत लिहितो हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देतो :

“काका, रिटायर झाल्यावर लोक दिनविशेष लिहायला घेतात हे माहीत होतं, पण निदान तारखा तरी तपासा. साने गुरुजींचं जन्मसाल चुकलंय. शिवजयंती तिथीने असते हे तुम्ही विसरलात. नारळी पौर्णिमा नाही, शिमगा नाही. आंगणेवाडीची जत्रा तुमच्या यादीत खंय आसा? १७ जुलैला अमेरिकेतल्या डिस्नेलँडचं उद्घाटन आहे, रामदास बोट नाही. कोकणात राहणारा माणूस असं लिहिणार नाही. मुंबईत बसून कॅलेंडरमागचं पान उतरवून काढल्यासारखं वाटतं.”

आधी चूक कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. माझ्या हातून १८९८ पडलं. दुरुस्त केलं आहे. दुसरा कोणी असता तर गुपचूप आकडा बदलून तुमची प्रतिक्रिया उडवून मोकळा झाला असता. मी तसं केलेलं नाही, याची नोंद आपण घ्याल अशी आशा आहे.

आता ‘काका’. मला काका म्हणणारी मुलं गावात पन्नास आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण ती समोर उभी राहून म्हणतात, त्यांना नाव असतं, आणि काका म्हटल्यावर पुढच्या वाक्यात ती माझी अक्कल काढत नाहीत. तुम्ही टोपणनावाच्या पडद्याआडून काका म्हणता आणि लगेच निवृत्तीवर घसरता. मुद्दा मांडायचा तर साधा मांडा, त्याला टोमण्याची फोडणी कशाला? तुमच्यापेक्षा कडक चुका दाखवणारे वाचक या ब्लॉगला लाभले आहेत. पण त्यांची भाषा बघा आणि तुमची बघा.

आणि ते वाक्य. “कोकणात राहणारा माणूस असं लिहिणार नाही.” बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

दर्यावर्दीसाहेब, गुहागर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षं मास्तरकी केली. दोन खोल्या, चार इयत्ता, एक पडवी. रोज परिपाठाच्या आधी फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सुविचार, उजव्या कोपऱ्यात पट आणि हजेरी, आणि मध्ये दिनविशेष. जुलै-ऑगस्टात खडू असा दमट होतो की फळ्यावर उमटतच नाही. मी खडूची पेटी चुलीजवळच्या फळीवर ठेवून सकाळी ऊन-ऊन खडू खिशात घालून निघत असे. मुंबईत बसून हे जमत नाही. २३ जुलै आली की टिळकांची जयंती, आणि ‘आपल्या रत्नागिरीत जन्मले’ म्हटलं की पोरांच्या माना ताठ. १८ एप्रिलला धोंडो केशव कर्वे, तर त्यांच्या दापोलीजवळच्या मुरुडचं नाव ऐकून मामाच्या गावची आठवण निघणारच. २० मार्चला महाडचं चवदार तळं. हे सगळं मी कुठल्या पानावरून उतरवलं? शाळेत तेव्हा धड एक कॅलेंडर नव्हतं. किराणा दुकानाने दिलेलं असायचं, तेही फेब्रुवारीपर्यंत कोणीतरी पुस्तकांना कव्हर घालायला नेलेलं.

तिथी मला कळत नाही असं तुम्हाला वाटतं, म्हणून घरची गोष्ट सांगतो. माझा वाढदिवस १ जूनला असतो. तुमच्या वडिलांचाही तोच असेल तर नवल नाही, कारण आमच्या पिढीतल्या अर्ध्या कोकणाचा तो १ जूनला आहे. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारत, आणि आई सांगे, “गौरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या साली वादळात नारळी पडल्या.” गुरुजी चष्म्यातून बघत आणि १ जून लिहून टाकत. पुढे मीही मास्तर झालो आणि मीही तेच केलं. किती पोरांना मी १ जूनला जन्माला घातलंय याचा हिशेब नाही. (मासेमारीबंदीही १ जूनलाच सुरू होते. आमच्या बंदरावर सगळं एकदमच थांबतं किंवा एकदमच जन्मतं.) आईच्या तोंडी शेवटपर्यंत गौरीच होत्या आणि ती औक्षणही त्याच दिवशी करत असे. पण पेन्शनच्या कागदावर गौरी चालत नाहीत. तेव्हा तिथी आणि तारीख यांत काय फरक असतो हे मला तुमच्याकडून शिकायला नको. मी तो अंगावर वागवतोय.

शिवजयंतीचं म्हणाल तर ‘विसरलात’ हा शब्द मला लागला. जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या तिथीवार नोंदींतली, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी मी न बघता सांगू शकतो. त्याआधी कित्येक वर्षं वैशाख शुद्ध द्वितीया धरून १६२७ साल मानलं जायचं, तेही माहीत आहे. सरकारने १९ फेब्रुवारी ठरवली, म्हणून यादीत १९ फेब्रुवारी. पण तुम्ही तिथीचा झेंडा उभारलाच आहे तर एक गंमत ऐका. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मुळात जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. आज आपण जे कॅलेंडर भिंतीवर लावतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाचंही तसंच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, सगळे म्हणतात ६ जून १६७४. आजच्या हिशेबाने १६ जून. कारण इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. पोर्तुगालने मात्र ती १५८२ मध्येच घेतली होती. म्हणजे रायगडावर अभिषेक चालू होता तेव्हा याच किनाऱ्यावर चौलच्या फिरंग्यांची तारीख एक आणि मुंबईच्या टोपीकरांची दहा दिवस मागे! मधे धड एका दिवसाचाही गलबताचा प्रवास नाही. चौलहून पत्र निघालं तर ते लिहिल्याच्या नऊ दिवस आधी मुंबईत पोचत असेल. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली होती, “गुरुजी, मग परीक्षेत कुठली लिहायची?” मी म्हटलं, पुस्तकात आहे ती. तुम्हालाही तेच म्हणतो.

यावर तुम्ही म्हणाल, बघा, तारीखच कच्ची, तिथी पक्की. थांबा. तिथी तरी कुठल्या पंचांगाची? आमच्या घरी टिळक पंचांग, वाडीतल्या चुलत्यांकडे दाते. लोकमान्यांच्या पुढाकाराने निघालेल्या त्या पंचांगात राशीचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरतात. त्यामुळे सूर्य मकरेत शिरतो तो १४ जानेवारीला नव्हे, चारेक दिवस आधी, १० जानेवारीच्या सुमाराला. वर्षभर त्याचा कोणाला त्रास नसतो. पण ज्या महिन्यात संक्रांत पडत नाही तो अधिक महिना. चार दिवसांच्या फरकाने अधिक महिना एकीकडे पडतो आणि दुसरीकडे पडत नाही, असं एखाद्या वर्षी होतं. मग आमचा गणपती चुलत्यांच्या आधी पूर्ण एक महिना. लहानपणी अशा एका साली आमच्याकडे मखर बांधलेलं, मोदक उकडताहेत, आणि शाळेला सुट्टी नाही! मी घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कारण विचारलं, मी ‘गणपती’ म्हटलं, आणि खोटं बोलतो म्हणून अंगठे धरायला लावले. महिन्याने चुलत्यांकडचे मोदक खाल्ले तेव्हा कुठे मन शांत झालं. तर साहेब, एकाच वाडीत, एका पाणंदीच्या दोन बाजूंना भाद्रपद शुद्ध चतुर्थी दोनदा येते. कुठली यादीत घालू?

नारळी पौर्णिमा ‘नाही’ हे तर धादांत खोटं. ती असते. ज्या वर्षी ज्या दिवशी येते त्या दिवशी असते. २०२२ साली ११ ऑगस्टला लिहिली, २०२३ ला श्रावण अधिक आला म्हणून थेट ३० ऑगस्टला, २०२४ ला १९ ऑगस्टला. तुम्ही ठरलेल्या तारखांच्या ज्या कायमच्या यादीवर बोट ठेवलंत, तिच्यात ती बसवायची कुठे? त्या २०२३ सालचीच गोष्ट घ्या. सरकारी बंदी ३१ जुलैला उठली, डिझेल भरून होड्या तयार, आणि नारळ पडायला अजून महिना. आमच्या शेजारच्या तांडेलाने पहिली फेरी मारली १ ऑगस्टलाच, पण बायकोने नारळ ओवाळून देवाजवळ ठेवला तो पौर्णिमेलाच पाण्यात सोडला. त्याला यात काही अडचण वाटली नाही. अडचण फक्त प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांना वाटते.

शिमग्याचं तर बोलूच नका. त्रयोदशीला होळी लावणारे तेरसे वेगळे, पौर्णिमेला लावणारे भद्रेचे वेगळे, आणि पालखी कुठल्या घरी कधी बसणार हे मानकरी ठरवणार. आमच्याच पंचक्रोशीत होळ्या दोन-तीन दिवस पुढेमागे लागतात.

आंगणेवाडी खंय आसा? मीच विचारतो, खंय घालू? भराडीदेवीच्या जत्रेला ना तारीख ना तिथी. देवीचा कौल झाल्यावर गावकरी दिवस जाहीर करतात. २०२४ ला २ मार्च होती, २०२५ ला २२ फेब्रुवारी. मी काय रोज सकाळी कौल लावून दिनविशेष लिहायला बसू? संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वराचं, म्हणजे शंकराचं, लग्न मात्र संक्रांतीला असतं, म्हणून ते १४ जानेवारीला यादीत आहे. पण ते तुम्हाला दिसलं नाही. जे आहे ते बघायचं नाही आणि जे नाही त्याची आरडाओरड करायची, ही एक पद्धतच पडली आहे. (संक्रांतही सरकते म्हणा. विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ चा दिवस संक्रांतीचा होता. पण हे लिहिलं की उद्या नवी प्रतिक्रिया येईल.)

कॅलेंडरमागच्या पानाबद्दल एवढंच, की ते पान कोणीतरी माणूसच लिहितो.

राहिली रामदास बोट. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, ते मी लिहिलं कारण नातवंडांच्या वयाचे वाचकही इथे येतात आणि सगळा दिनविशेष मयताच्या बातम्यांनी भरला तर कोण वाचणार? प्रत्येक दुर्घटना दिनविशेषात घालायची तर वर्ष पुरणार नाही. शिवाय रोजच्या चार ओळींत काय बसवायचं हा शेवटी लिहिणाऱ्याचा अधिकार. यावर मला अधिक बोलायचं नाही.

तरी एक खुलासा. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, सकाळी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ही नोंद मी शाळेच्या फळ्यावर ३१ वर्षं दर १७ जुलैला करत आलो. फळ्यावरचं वहीत उतरवताना आणि वहीतलं इथे टाईप करताना ती ओळ गळली. आज सकाळी घातली आहे. डिस्नेलँडच्या वर. तुमच्या प्रतिक्रियेमुळे घातली असं कृपया कुठे लिहू नये. मी ती घालणारच होतो.

उद्याची नोंद नेहमीप्रमाणे सकाळी ६ वाजता येईल. चूक सापडली तर जरूर कळवा. गुरुजी म्हणा, नावाने हाक मारा, काहीच नाही म्हटलंत तरी चालेल.