चिखलाने जे सांगितलंच नाही

पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांबद्दलचा एक मजकूर सध्या पुन्हा जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘समुद्रतळाच्या चिखलातल्या चुंबकीय जिवाणूंनी पृथ्वीचा इतिहास लिहून ठेवला आहे. त्यानुसार चुंबकीय ध्रुव ठरावीक काळाने उलटतात. ४२ हजार वर्षांपूर्वी ते उलटले आणि निअँडरथल मानव व महाकाय प्राणी संपले. आता चुंबकीय क्षेत्र पुन्हा क्षीण होत आहे, पुढचा पालट आपल्या हयातीतच होणार. मग पृथ्वी उलटी फिरू लागेल.’ सोबत सूक्ष्मदर्शकाखालचं एक चित्र असतं: काळ्या कणांची माळ.

यातलं पहिलं वाक्य सर्वस्वी खोटं नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. त्या वाक्यातल्या खऱ्या विज्ञानाच्या आधारावर पुढची चार वाक्यं खपून जातात. गाळाच्या नमुन्यांची चुंबकीय मोजणी करण्यात मी काही वर्षं घालवली आहेत. हा पुरावा किती मोलाचा आहे आणि किती नाजूक, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘जिवाणूंनी इतिहास लिहून ठेवला आहे.’ हे जिवाणू खरेच आहेत. इटलीतल्या पाव्हियात साल्वातोरे बेलिनी यांनी १९६३मध्ये त्यांचं निरीक्षण नोंदवलं, आणि रिचर्ड ब्लेकमोर यांच्या १९७५च्या शोधनिबंधानंतर ते जगभर माहीत झाले. त्यांच्या पेशीत मॅग्नेटाइट या लोह-ऑक्सिजनच्या खनिजाचे, काहींच्या पेशीत ग्रेगाइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे, साधारण ३५ ते १२० नॅनोमीटर आकाराचे स्फटिक माळेसारखे ओवलेले असतात. याहून बरेच लहान स्फटिक आपलं चुंबकत्व टिकवू शकत नाहीत, आणि बरेच मोठे झाले तर त्यांच्यात वेगवेगळ्या दिशांचे विभाग पडतात. जिवाणू नेमका मधला आकार घडवतो. ही माळ त्याला चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत वळवते. विषुववृत्तापासून दूर या रेषा जमिनीत तिरप्या शिरतात, त्यामुळे त्याला वर-खाली जायचा सरळ मार्ग मिळतो आणि कमी ऑक्सिजनचा आपला थर सापडतो. मेलेला जिवाणूसुद्धा पाण्यात तसाच वळतो. म्हणजे तो नोंद वगैरे काही ठेवत नाही. तो मरतो, माळ गाळात पडते, आणि कधीकधी तिची दिशा टिकते.

या ‘कधीकधी’चा मजकुरात मागमूस नाही. गाळातलं चुंबकत्व एकट्या जिवाणूंचं नसतं. नद्यांनी आणलेले, वाऱ्याने उडवलेले, ज्वालामुखीच्या राखेतले कणही त्यात असतात. वरचे काही सेंटिमीटर किडे सतत ढवळत राहतात, त्यामुळे दिशा पक्की होते ती गाळ थोडा खाली दबल्यावर. खोल समुद्रात हजार वर्षांत एखादाच सेंटिमीटर गाळ साचत असेल, तर दहा सेंटिमीटरच्या ढवळण्यात दहा हजार वर्षं एकमेकांत मिसळतात. त्यातच ऑक्सिजन संपलेल्या थरात गंधकाची संयुगं मॅग्नेटाइट विरघळवतात आणि तिथे नवा ग्रेगाइट तयार होऊ शकतो. तो पुष्कळ उशिरा बनलेला असला, तर जुन्या थरात नंतरच्या काळाची दिशा सापडते. म्हणून नमुना बदलत्या क्षेत्रात ठेवून त्याचा प्रतिसाद मोजायचा, कमकुवत चुंबकत्व पायरीपायरीने पुसून उरलेली दिशा पाहायची, चुंबकत्व कोणत्या कणांचं आहे हे ठरवायचं, आणि मगच बोलायचं.

शिवाय जिवाणूंच्या स्फटिकांचे हे जीवाश्म चुंबकीय क्षेत्रापेक्षा पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल आणि पोषणाबद्दल जास्त सांगतात. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी भूशास्त्रीय मापाने फार झपाट्याने तापली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनारपट्टीखालच्या त्या काळातल्या मातीत, भाल्याच्या टोकासारखे, ४ मायक्रॉनपर्यंत (म्हणजे ४,००० नॅनोमीटर) लांब असे मॅग्नेटाइटचे स्फटिक सापडले. २००८मध्ये ते प्रसिद्ध झाले. आज माहीत असलेला एकही जिवाणू असे स्फटिक घडवत नाही. ते बनवणारा जीव कोण, आणि तापलेल्या समुद्रात त्याला काय मानवलं? माझ्या मते या विषयातला हा सर्वांत ओढ लावणारा प्रश्न आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याला एक ओळसुद्धा मिळालेली नाही.

‘ध्रुव ठरावीक काळाने उलटतात.’ नाही. शेवटचा पूर्ण पालट सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीचा. त्याआधी, साधारण १० लाख वर्षांपूर्वी, आजच्यासारखी दिशा जेमतेम ८० हजार वर्षं टिकून पुन्हा उलटली होती. आणि डायनासोरांच्या क्रिटेशस काळात सुमारे ३ कोटी ८० लाख वर्षं एकही पालट झाला नाही. ज्या घटनांमधलं अंतर इतकं बदलतं, त्यांच्या बाबतीत ‘आता वेळ झालीच आहे’ या म्हणण्याला अर्थ नाही.

‘४२ हजार वर्षांपूर्वी ध्रुव उलटले आणि निअँडरथल संपले.’ ही घटना घडली, पण दिशा काही काळ भटकून परत आली, त्यामुळे तिला पूर्ण पालट म्हणत नाहीत. फ्रान्समधल्या लाशांप येथील लाव्हात ती १९६०च्या दशकात सापडली. काळ्या समुद्राच्या गाळात उलट दिशेचा टप्पा जेमतेम ४४० वर्षांचा दिसतो, आणि क्षेत्र आजच्या अवघ्या काही टक्क्यांवर घसरलेलं दिसतं. तिथे गाळ भराभर साचत होता म्हणून ही नोंद हाती लागली. मंद साचणाऱ्या गाळात ती पुसट होते किंवा दिसतच नाही.

या घटनेला विनाशाशी जोडणारा शोधनिबंध २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तो न्यूझीलंडमधल्या पुरातन कौरी वृक्षांच्या वलयांतल्या किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवर उभा होता. ती मोजणी उत्तम आहे, पण वाद निष्कर्षाचा आहे. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात इतर संशोधकांनी आक्षेप नोंदवले, आणि मला ते पटतात. निअँडरथल एका झटक्यात गेले नाहीत. वेगवेगळ्या प्रदेशांत, काही हजार वर्षांत ते विरळ होत गेले. उत्तर अमेरिकेतले बहुतेक महाकाय प्राणी जवळपास ३० हजार वर्षांनंतर नाहीसे झाले, आणि सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावरचे मॅमथ तर ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत बेरिलियम-१० तयार होतं. ग्रीनलंडच्या बर्फात त्या वेळी ते वाढलेलं दिसतं, म्हणजे हे किरण वाढले होते. पण हवामानाने तेव्हा काही विलक्षण वळण घेतल्याची खूण तिथे नाही. ओझोनच्या थरावर परिणाम होऊ शकतो हे मी मान्य करतो, त्यावर अभ्यास व्हायला हवा. मात्र आपल्या डोक्यावर हवेचंही कवच आहे. तिचं वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे दहा मीटर पाण्याइतकं आहे. डायनासोरांचा अंतसुद्धा पालटाच्या वेळी झालेला नाही. आधीचा पालट तेव्हा सुमारे ३ लाख वर्षं जुना झाला होता.

‘क्षेत्र क्षीण होत आहे, पालट आपल्या हयातीत होणार.’ पहिला भाग खरा आहे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणितज्ञ गाऊस यांच्या काळापासून पद्धतशीर मोजण्या आहेत, आणि १८४०पासून पृथ्वीचं द्विध्रुवी (दोन ध्रुवांच्या साध्या चुंबकासारखं) क्षेत्र सुमारे ९ टक्क्यांनी घटलं आहे. आता साधा हिशेब करा. हीच गती अखंड टिकली, तरी ते शून्यावर यायला अजून सुमारे अठराशे वर्षं लागतील. आणि ती टिकेलच असं मानायला आधार नाही. जुन्या भाजलेल्या भांड्यांतलं आणि विटांतलं चुंबकत्व सांगतं, की दोन हजार वर्षांपूर्वी क्षेत्र आजच्यापेक्षा बरंच प्रबळ होतं. उलट गेल्या काही दशलक्ष वर्षांच्या सरासरीशी तुलना केली तर आजचं क्षेत्र दुबळं ठरत नाही. उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे सरकला, मधल्या काळात वर्षाला ५० किलोमीटरहून जास्त वेगाने, हेही खरं. पण तेवढ्यावरून पालट सुरू झाला असं ठरत नाही, आणि अलीकडे तो वेग कमी झाला आहे. दक्षिण अटलांटिकवरच्या दुबळ्या पट्ट्याचा त्रास उपग्रहांच्या उपकरणांना होतो. तो खरा प्रश्न आहे, पण अभियंत्यांचा.

‘पृथ्वी उलटी फिरू लागेल.’ चुंबकीय क्षेत्र २,९०० किलोमीटर खालच्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहातून जन्मतं. त्याची दिशा आजवर शेकडो वेळा उलटली, पण पृथ्वी एकदाही उलटी फिरली नाही.

राहिलं ते चित्र. काही ठिकाणी त्यावर बाण काढून ‘प्राचीन चुंबकीय क्षेत्राची दिशा’ असं लिहिलेलं असतं. अशा चित्रासाठी गाळ पाण्यात विस्कटतात, त्यातले चुंबकीय कण वेगळे करतात आणि त्यांचा थेंब बारीक जाळीवर वाळवतात. वाळताना माळ कशीही पडते. जुनी दिशा मोजायची तर समुद्रतळात नळी रोवून गाळाचा गाभा न ढवळता वर काढावा लागतो, त्यातून छोटे ठोकळे जसेच्या तसे कापावे लागतात आणि ते चुंबकमापकात ठेवावे लागतात. तेव्हाही समुद्रतळात शिरताना नळी स्वतःभोवती वळली असेल, तर उत्तर दिशा नेमकी कोणत्या बाजूला होती हे त्या गाभ्यावरून थेट कळत नाही. खात्रीने मिळतो तो रेषांचा वर-खाली झुकाव, आणि दाबाने बसलेल्या गाळात तोसुद्धा थोडा सपाट झालेला असतो.