डोळे मिचकावा, मालक

महिन्याला ४० रुपये वाचवायला निघालेला माणूस, अशी सध्या आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत माझी ख्याती आहे. ती पसरवायचं काम घरातूनच झालं. दूधवाल्याला माहीत आहे, इस्त्रीवाल्याला माहीत आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी (ते रोज येत नाही, हे सोलापुरात सांगावं लागत नाही) सगळ्या जणी मोटारी लावायला बाहेर येतात, तेव्हा तर या विषयावर परिसंवादच होतो.

विषय घरच्या फोनचा. खरा लँडलाईन रस्त्याच्या खोदाईत गेला. तक्रारीवरून एक माणूस आला, त्यानं खड्ड्यात वाकून बघितलं, 'केबल तुटलीय' असं निदान केलं आणि निघून गेला, तो गेलाच. तेव्हापासून त्याच तिवईवर, त्याच क्रोशाच्या रुमालावर एक बटणांचा मोबाईल ठेवलेला असतो. तो खिशात घालून हिंडायचं नाही, ही आईची सक्त ताकीद. वाजला की उठायचं, तिवईपाशी जायचं आणि उभ्यानं बोलायचं. अक्कलकोटच्या मावशीपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांकडे तोच नंबर आहे, 'घरचा' म्हणून.

या घरच्या फोनला दर २८ दिवसांनी रिचार्ज लागतो. पगार वर्षातून १२ वेळा होतो, रिचार्ज १३ वेळा. जगातल्या कुठल्याही पंचांगात न बसणारा हा महिना कुणी काढला असेल, त्याचं डोकं मानलं पाहिजे. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की बाबांनो, ३० दिवसांचा एखादा तरी प्लॅन ठेवा. ठेवला त्यांनी. ॲपमध्ये इतक्या खाली ठेवला, की तिथपर्यंत अंगठा सरकवत जाईस्तोवर २८ दिवस उलटावेत.

बरं, त्या रिचार्जबरोबर रोजचं दीड जीबी इंटरनेट. कुणाला? बटणांच्या फोनला. आमची आई रोज रात्री दीड जीबी इंटरनेट न वापरता झोपते. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी आगेमागे एकाच सुमाराला दर वाढवले, तेव्हापासून हे न वापरलेलं इंटरनेट मला जास्तच सलायला लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायनं आणखी एक नियम केला. ज्यांना नेट नको, त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचं आणि एसएमएसचं पॅक ठेवलंच पाहिजे. मी आमच्या कंपनीच्या दुकानात जाऊन विचारलं.

"आहे की सर. पण घेऊ नका."

"का?"

"त्यात नेट नाही."

"मला नेट नकोच आहे."

"असं सगळेच म्हणतात सर. मग चार दिवसांनी येतात, नेट का चालत नाही म्हणून."

त्यानं काही ते पॅक दिलं नाही. दुसऱ्या कंपनीचं तसलंच ८४ दिवसांचं पॅक आमच्या हिनं कागदावर भागाकार करून बघितलं, तर सध्याच्यापेक्षा महिन्याला ४० रुपयांनी स्वस्त पडत होतं. हिशेब तिचा होता, हे मी इथं नोंदवून ठेवतो, कारण गल्लीत ती हे सांगत नाही.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, तर १९०० ला एसएमएस टाकायचा, मग आठ अक्षरांचा कोड येतो, आणि तो चार दिवसांत वापरायचा. एसएमएस टाकला. इतक्या वर्षांत ज्या कंपनीनं 'कसे आहात' म्हणून विचारलं नाही, तिचा कोड मागितल्या मागितल्या फोन आला. तो अर्थातच तिवईवर वाजला, आणि आईनं घेतला. पलीकडची मुलगी हिंदीत विचारत होती, सर कुठे आहेत. आईनं आपल्या सोलापुरी हिंदीत खरं ते सांगून टाकलं, "वो घर में नहीं है. तुमकूच छोडने गया है."

मी परत आलो तर आईचा चेहरा उतरलेला. "त्या पोरीला वाईट वाटत होतं रे. म्हणत होती, तसलं स्वस्तातलं आमच्याकडं पण आहे, खास तुमच्यासाठी. अजून दहा रुपये कमी करते म्हणाली."

इथं माझं डोकं फिरलं. कोड मागेपर्यंत जे पॅक 'घेऊ नका' होतं, ते कोड मागितल्यावर खास आमच्यासाठी झालं. म्हणजे जो माणूस गप्प बसून वर्षानुवर्षं वेळेवर पैसे भरतो, त्याच्याकडून जास्त घ्यायचे, आणि जो उंबऱ्यापर्यंत गेला त्याच्या मागं धावायचं. आमच्या किराणा दुकानदारानं असं केलं असतं तर गल्लीनं त्याला दोन दिवसांत वठणीवर आणलं असतं. त्या दहा रुपयांवर मी लाथ मारली आणि नवी पेठ गाठली.

नवी पेठेतल्या एका बोळात ते दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागं एक पोरगा, पोराच्या मागं चार्जरच्या माळा. पंखा एकच, तोही पोराकडं तोंड करून. मे महिना, बाहेर ४३ अंश. आधारसाठी अंगठा लावायचा होता, तो घामानं लागेना.

"पुसा की काका."

पुसला.

"दाबा."

दाबला.

"इतका नको."

अंगठा एकदाचा लागला, तर फोटो. पूर्वीसारखा पासपोर्ट साईजचा फोटो चालत नाही, जिवंत माणूस समोर उभा आहे याची ॲपला खात्री पटवून द्यावी लागते. त्यासाठी डोळे मिचकावायचे. आणि मागं पांढरं पाहिजे. माझ्या मागं भिंतीवर एका नटीचं भलंमोठं पोस्टर होतं. पोरगा म्हणाला, "काका, ॲप म्हणतंय दोन चेहरे दिसतात." मी उजवीकडं सरकलो, नटी डावीकडून दिसायला लागली. बाहेर रस्त्यावर उभा राहिलो तर मागून रिक्षा.

"ए तम्मा, पांढरं पाहिजे ना? पांढरं माझ्याकडं हाय की."

हे अण्णा. साठी ओलांडलेले, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, कपाळावर कुंकवाचं बोट, काखेत प्लास्टिकच्या कागदात बांधलेला गठ्ठा. ते स्वतः त्या दुकानात कशासाठी आले होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी गठ्ठा सोडला, आतून पांढराशुभ्र टर्किश टॉवेल काढला, पोराचं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि माझ्या डोक्यामागं तो टॉवेल दोन्ही हातांनी ताणून धरला.

"अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माल हाय, मालक. हात लावून बघा." मी हात लावायला गेलो. "नको नको, घामाचा नको. एक्स्पोर्टचा हाय."

पोरानं ॲपमध्ये बघत मला विचारलं, "फोन फोर-जी आहे का साधा जीएसएम?"

"साडेपाचशे," अण्णा वरून म्हणाले.

"काय साडेपाचशे?"

"जीएसएम. त्याच्या खालचा माल मी धरतच नाही."

टॉवेलचा वजनदारपणा जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असा मोजतात, हे सोलापूरच्या मागवाल्या अख्ख्या पूर्व भागाला ठाऊक आहे. पण पोरगा मोबाईलमधला. त्यानं बहुतेक साडेपाचशे नावाचा फोन शोधायला घेतला, कारण पुढची पाच मिनिटं तो काहीच बोलला नाही.

"हं काका, डोळे मिचकावा."

मिचकावले.

"दोन्ही एकदम."

"मालक, हळू," अण्णा म्हणाले. "फडफड नको. असं." आणि कसं ते दाखवायला त्यांनी टॉवेलच्या वरून वाकून माझ्यासमोर तोंड आणलं आणि अगदी सावकाश, रंगमंचावर करावं तसे डोळे मिटून उघडले. ॲपनं तेवढ्यात क्लिक केलं. अण्णांचा फोटो पहिल्या झटक्यात पास झाला. तो काढून टाकायला पोराला पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरावा लागला.

एव्हाना बोळात माणसं जमली होती. समोर मी घामाघूम उभा, मागं ताणलेलं पांढरं कापड. त्यातल्या एका टपोऱ्या पोरानं मोठ्यानं "सावधान!" म्हणून आरोळी ठोकली. सगळे हसले. मीही हसलो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस जास्त हास्यास्पद दिसतो. पण त्या पोराचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे.

मग सर्व्हर गेला. आता गोल गोल चाकाकडं बघत थांबायचं. मी अण्णांना म्हणालो, खाली उतरा, हात दुखतील. ते म्हणाले, "आता घडी घातली तर परत काढावी लागल." आणि टॉवेल तसाच धरून त्यांनी मला फोनचा इतिहास सांगायला घेतला. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्यांच्या वडिलांचे चार माग होते. मुंबईला बोलायचं तर कॉल बुक करून पेढीवर ताटकळत बसायचं. अर्जंट लावला तर दुप्पट पैसे, लायटनिंग लावला तर आठपट. "बापानं जन्मात एकदाच लायटनिंग लावला."

"अरेरे. कुणी गेलं होतं का?"

"सुताचा भाव पडला होता."

पुढं एसटीडीचे पिवळे बूथ आले. रात्री ११ नंतर पाव दर, म्हणून अण्णा जेवून, वडिलांना झोपवून, अकराच्या ठोक्याला बूथपुढं रांगेत उभे राहायचे. मोबाईल आल्यावर तर त्यांनी धंद्याची बोलणीच बंद करून टाकली आणि सगळं मिस कॉलवर आणलं. एक मिस कॉल म्हणजे गाडी निघाली. दोन म्हणजे पैसे पोचले. तीन म्हणजे जेवायला येत नाही, हा घरच्यांसाठी.

"आणि चार?"

"चार अजून कुणी दिला नाही."

मी म्हणालो, "अण्णा, पण आता कॉलला वेगळे पैसे कुठं पडतात? रिचार्ज मारला की बोला हवं तेवढं."

"होय की. पैसं आधीच घेतलेत त्यांनी."

"मग बोला की."

अण्णांनी टॉवेलच्या कडेवरून माझ्याकडं बघितलं. "सवय मोडायची नाही, मालक. उद्या परत मिनिटाला पैसं लावलं म्हंजे? तुमी बसाल बोंबलत. माझं चालू राहील."

याला मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. दर ठरवणारे तीन-चार जण, त्यातले इकडून तिकडं जाणारे आपण. आज इथं ४० वाचले, तर पुढच्या जुलैत ते ५० लावणार नाहीत, हे कुणी लिहून दिलंय? आणि नंबर तेवढा आपला राहतो, म्हणून आपण खूश. तिकडं लँडलाईनचा नंबर तर कंपनी बदलताना सोबत न्यायचीही सोय नाही, पोर्टिंग फक्त मोबाईलला. पण ते असो. लँडलाईन खड्ड्यात आहे.

सर्व्हर आला. मी डोळे मिचकावले. फोटो निघाला. त्यात मी नुकताच न्हाऊन पाटावर बसलोय आणि कुणीतरी मागून डोकं पुसायच्या बेतात आहे, असं दिसतं. टॉवेलच्या वरच्या कडेला अण्णांची चार बोटं आली आहेत. ॲपला ती चालली. मी तीन तास ताटकळलेला जिवंत माणूस त्याला चालत नव्हतो, पण ती बोटं चालली.

अण्णा स्टुलावरून उतरले. माणसाला एवढा त्रास दिला, काहीतरी घ्यायला हवं, म्हणून मी संकोचानं म्हणालो, "अण्णा, दोन टॉवेल द्या की मला."

त्यांनी टॉवेलची घडी घातली. घडीवर घडी, कड कडेला जुळवून, मांडीवर हातानं दाबून. मग मला खालून वर न्याहाळलं.

"तुमाला नाही परवडायचं, मालक. तुमी चाळीस रुपयासाठी आलाव."

बोळ पुन्हा हसला. मी सिम खिशात घालून घरी आलो.

'रात्रीतून काही तास सेवा बंद राहील' असा एसएमएस आला होता. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद होती. जुनं सिम मेलेलं, नवं जन्माला आलेलं नाही. मावशीनं अक्कलकोटहून सकाळपासून फोन लावले, लागले नाहीत, आणि आमच्यापैकी कुणाचाही दुसरा नंबर तिच्याकडं नाही, कारण तिच्या लेखी आमच्या घराला एकच फोन आहे. तिनं मुलाला मोटारसायकलवर पिटाळलं. तो बिचारा जवळपास ४० किलोमीटर उन्हातून, तोंडाला उपरणं गुंडाळून आला आणि दारातच रडवेल्या आवाजात म्हणाला, "मावशी बरी आहे ना?" त्याला जेवू घातलं, जाताना शेंगाचटणीची पुडी आणि पेट्रोलला दोनशे रुपये दिले. तेही आमच्या हिनं त्याच कागदावर, भागाकाराच्या खाली मांडून ठेवलंय.

संध्याकाळी फोन चालू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला तिवईवर एक रिंग वाजली आणि बंद झाली. पुन्हा एक वाजली, बंद. आईच्या काळजाचं पाणी. तिनं उलटा फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी टॉवेलवाला. चालू झाला काय? नंबर पोरगा मोठ्यानं वाचत होता, घेतला लिहून. आमच्या घरात पाच सिमं हायती, आमी पण बदलाव म्हणतोय. पण आधी म्हटलं, तुमची रेंज कशी येती बघू, महिनाभर."

म्हणजे त्या स्टुलावर अण्णा उगीच उभे नव्हते. मी आईला म्हणालो, उचलू नकोस त्याचा फोन. आई म्हणाली, "उचलतंय कोण? आमचं ठरलंय. तो सकाळी एक मिस कॉल देणार. रेंज असली तर मी उलटा एक द्यायचा, नसली तर गच्चीवर जाऊन दोन. माणूस चांगला आहे. तुझ्यापेक्षा हिशेबी आहे."

काल सकाळी आई गच्चीवरून दोन देऊन आली.