खुलासा : ‘१९६८च्या मस्टँगमध्ये कोयोटी इंजिन सरळ बसतं’ हा मेसेज चुकीचा आहे

फोर्डच्या जुन्या मस्टँग गाडीतलं ३०२ इंजिन आणि २०११च्या मस्टँगपासून आलेलं कोयोटी इंजिन, दोन्ही ५ लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे), म्हणून जुनं काढायचं, नवं बसवायचं, असा मेसेज फिरतोय. क्षमतेचं खरं आहे. बसण्याचं नाही.

३०२मध्ये एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा), तोही ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागाच्या, पोटात. कोयोटीत चार, वरच्या सिलिंडर-हेडवर. त्यामुळे हे इंजिन वरून बरंच रुंद आहे. जुन्या मस्टँगचं बॉनेट उघडा: इंजिनाच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे जाड शॉक टॉवर दिसतील, पुढचं सस्पेन्शन त्यांनाच धरून असतं. कोयोटीसाठी सहसा तेच कापावे लागतात, मग पुढचं सस्पेन्शनही बदलणं आलं. हे काम जाणकार फॅब्रिकेटरचंच; चुकलं तर स्टिअरिंगवरचा भरवसा जातो.

पेट्रोलचंही तसंच. जुन्या इंजिनाच्या कार्बोरेटरला ५-६ पीएसआय दाब पुरतो, कोयोटीच्या फ्युएल इंजेक्शनला साधारण ५५ लागतो, म्हणजे पंप आणि लाइन नवी. कोयोटी चालवायला लागणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगचा कंट्रोल पॅकही फोर्ड वेगळा विकते.

अदलाबदल जरूर होते, आणि झालेली गाडी झकास पळते. पण तो मेसेज वाचून कुणी इंजिन मागवून बसू नये. कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.