माशी कुठं शिंकली

माझ्या मेहुण्याला दर वर्षी एक नवा छंद लागतो, जशी आपल्याला दर वर्षी सर्दी होते. मागच्या वर्षी तो हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाऊन ट्राउट मासे धरून आला. परतीच्या प्रवासातच छंद उतरला असावा, कारण दिवाळीला गंगाखेडला आला तो एक डबी माझ्या हातात कोंबून मोकळा झाला. म्हणाला, "दाजी, तुमच्या तर दारातच नदी!"

डबीत पंचवीस माश्या. खऱ्या नव्हेत, बारक्या गळांवर पीस, लोकर आणि रेशीम गुंडाळून केलेल्या. बायकोनं त्यातली एक कानापाशी धरून आरशात बघितलं. "जोड कुठंय हिची?"

मी लहानपणापासून गांडुळावर मासे धरलेला माणूस. गांडुळात निवड नसते. मोरीचं पाणी जिरतं तिथं चार खोरी माती उकरायची, पहिलं निघेल ते गळाला. इथं मात्र साडीच्या दुकानात बसल्यासारखं झालं. काही माश्या तरंगणाऱ्या, काही बुडणाऱ्या. 'रॉयल कोचमन' नावाची एक होती: अंग मोरपिसाचं, कमरेला लाल रेशीम, वर पांढरे पंख. थेट वरातीतला बँडवाला. 'अ‍ॅडम्स' नावाची करडी माशी 1922 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये पहिल्यांदा बांधली गेली. ती कुठल्याच एका किड्यासारखी दिसत नाही, म्हणून सगळ्यांसारखी दिसते. अशी माणसं आमच्याकडं निवडून येतात.

शेवटी फोन लावला. "कोणती लावू रे?"

"दाजी, नियम सोपाय. त्या वेळेला पाण्यावर जे पडतंय आणि मासा जे खातोय, तसलीच माशी लावायची."

डोंगरातल्या थंड नद्यांत म्हणे असे किडे असतात, की सगळं बालपण दगडाखाली पाण्यात काढतात आणि पंख फुटले की एखाद-दुसऱ्या दिवसात आटोपतात. ते थव्यानं बाहेर पडले की ट्राउट दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. एकादशीला साबुदाणा सोडून कशाकडंही न बघणाऱ्या आमच्या मावशीसारखं. आता आमच्या गंगेत (गोदावरी म्हणायचं ते फक्त भूगोलाच्या पेपरात) ट्राउट कुठला? पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला सोसवत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात हंडासुद्धा घाम गाळतो. पण नियम तो नियम. मासा बदलला म्हणून भूक थोडीच बदलते.

रविवारी वही घेऊन घाटावर बसलो. पाण्यावर काय उडतंय? चिलटं. एक चतुर. एक गांधीलमाशी, तिनं माझ्यातच रस घेतला. मी जवळात जवळची म्हणून अ‍ॅडम्स काढली, बांबूच्या काठीला तंगूस बांधला आणि फेकली. ती गेलीच नाही. तिला वजनच नाही. ती फेकायला म्हणे दोराच जाड, वजनाचा लागतो. वाऱ्यानं ती परत आणून माझ्या कॉलरला लावली. दुसऱ्यांदा वेड्या बाभळीला. तोवर मागं चार माणसं जमली होती.

"सर, काय टाकायलाव?"

"माशी."

"मेलेली?"

"कोंबड्याच्या पिसाची."

मग जे सुरू झालं ते ग्रामसभेत होत नाही. एकजण म्हणाला कणकेत शेंगदाण्याची पेंड कालवा, रोहू पळत येतो. दुसरा म्हणाला मरळीला जिता बेडूकच लागतो. तिसऱ्यानं काठी माझ्या हातातून काढून स्वतःच धरली. चौथा नुसताच "न्हाई लागत" म्हणत राहिला, आणि तेवढा एकच बरोबर होता.

पायरीवर बसलेले एक म्हातारेबाबा मात्र बराच वेळ गप्प होते. "सर, काय खातेत ते बगायलाव ना?" त्यांनी वरच्या अंगाला बोट केलं. तिथं कुणाचा तरी दहावा चालला होता. कावळा शिवला, माणसं हलली, पिंड पाण्यात सोडले. आणि पाणी उकळल्यासारखं झालं. चिलापी, तिच्याखाली कुठंतरी मोठी पाठ वळली, कटला असावा, त्याचं तोंडच वरच्या बाजूला असतं. मुरमुरे, निर्माल्य, काही काही शिल्लक ठेवलं नाही.

मी वहीत लिहिलं: सकाळी साडेनऊ, भात.

दहाव्याच्या भातावर गळ टाकायची छाती माझी नाही. दुसऱ्या रविवारी घरचा उरलेला भात कणकेत मळला, घाटापासून लांब, खालच्या अंगाला गेलो. अर्ध्या तासात चिलापी लागली, चार बोटांची. बायकोनं मार्गशीर्षातला गुरुवार संपल्याशिवाय मासा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून ती परत सोडली. जाताना तिनं शेपटीनं माझ्या तोंडावर पाणी उडवलं.

रात्री मेहुण्याचा फोन. "मग, कोणती चालली?"

"पांढरी."

"पांढरी? नाव काय तिचं?"

"कोलम."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "इंपोर्टेड दिसतेय. मला पण दोन पाठवा."