‘एका लाल ठिपक्याला तीन आठवडे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. काम लांबलं आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

तुम्ही लिहिलंय की ॲपमधल्या मेसेज टॅबवर फक्त लाल ठिपका लावायचा होता, अर्ध्या दिवसाचं काम होतं, आम्ही तीन आठवडे घेतले, पैसे जास्त लावले, आणि वर तुम्हालाच शिकवलं. शिवाय काही फोनवर ॲपच्या आयकॉनवर आकडा अजून दिसत नाही. पैशांबद्दल इथे काही बोलत नाही. कोटेशन तुम्ही मंजूर केलं होतं, बिल त्याच रकमेचं आहे. पण ‘अर्ध्या दिवसाचं काम’ हे शब्द फार लागले. आमची टीम छोटी आहे आणि नवीन क्लायंट फोन करण्याआधी रिव्ह्यू वाचतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ठिपका काढायला वेळ लागत नाही, हे अगदी मान्य. आयफोनवर टॅबच्या बॅजला, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या त्या लाल ठिपक्याला, मजकूर द्यायचा, अँड्रॉइडवर गूगलच्या मटेरियल लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) त्या टॅबचा बॅज मागून घ्यायचा. दोन्हीकडे मोजक्या ओळी लागतात. तेवढं आम्ही तुम्हाला सुरुवातीलाच दाखवलं होतं आणि तुम्ही फोनवर ‘झालं की मग’ म्हणालात. ॲपच्या त्या नमुना बिल्डमधला आकडा आम्ही हाताने टाकलेला आहे, हे तेव्हाच सांगितलं होतं.

न वाचलेल्या मेसेजचा खरा आकडा येणार कुठून? तुमच्या सर्व्हरवर मेसेज साठवले जात होते, पण कोणी कोणता मेसेज वाचला याची नोंदच होत नव्हती. ती नोंद नव्याने उभी करावी लागली. जुने सगळे मेसेज वाचलेले धरावे लागले, नाहीतर अपडेट गेल्या गेल्या प्रत्येक ग्राहकाला आजवरचे सगळे मेसेज न वाचलेले दिसले असते. मग बॅज जायचा कधी, टॅब उघडल्यावर की तो मेसेज उघडल्यावर? हा निर्णय तुमचा होता. आम्ही मेलवर विचारलं, पुन्हा आठवण केली, आणि उत्तर यायला आठवडाभर लागला. तुमची कामं असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो आठवडाही तुम्ही आमच्याच नावावर लिहिलात, याचं वाईट वाटतं.

तुमचे ग्राहक फोन आणि टॅबलेट दोन्हींवर लॉगिन करतात. एकीकडे मेसेज वाचला की दुसरीकडचा आकडा उतरायला हवा. त्यासाठी सर्व्हरकडून दुसऱ्या उपकरणाला आवाज न करणारं नोटिफिकेशन पाठवायचं असतं, पण ते पोचेलच याची हमी ॲपल देत नाही. ग्राहकाने ॲप वर सरकवून बंद केलेलं असेल तर ते ॲपपर्यंत येतच नाही. म्हणून ॲप उघडताना दरवेळी आकडा सर्व्हरकडून ताजा घ्यायचा, नेट नसेल तर शेवटचा माहीत असलेला दाखवायचा, आणि नेटशिवाय वाचलेले मेसेज नंतर सर्व्हरला कळवायचे, असं सगळं बसवलं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही, हेही खरं.

छोट्या गोष्टीही होत्या. आकडा शून्यावर आला तरी लाल गोळ्यात ‘०’ दिसत राहतो, बॅज काढण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. ९९च्या पुढे ‘९९+’ करायचं. ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांच्यासाठी टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयींनी (पहिली अँड्रॉइडवर, दुसरी आयफोनवर) ‘मेसेज, पाच न वाचलेले’ असं वाचायला हवं. हे शेवटचं तुम्ही मागितलं नव्हतं, त्याचे पैसेही लावले नाहीत. ते सोडून काम हातात द्यायला आमचं मन धजत नाही.

आता ‘शिकवलं’ याबद्दल. ऑफर टॅबवर नवीन काही नसलं तरी कायम ‘१’ ठेवा, लोक दाबतील, असं तुमचं म्हणणं होतं. आम्ही नको म्हटलं आणि आजही नकोच म्हणू. बॅज बघून माणूस दोनदा आत जाईल आणि आत काहीच नवीन नाही हे त्याला कळेल. त्यानंतर मेसेज टॅबवरच्या खऱ्या आकड्याकडेही तो बघणार नाही. ज्या आकड्यासाठी एवढी मेहनत केली त्याचीच किंमत गेली असती. बोलण्याचा सूर तुम्हाला खटकला असेल तर त्याबद्दल माफ करा, पण सल्ला तुमच्या ॲपच्या भल्याचाच होता.

आयकॉनवरचा आकडा हा टॅबवरच्या बॅजपेक्षा वेगळा विषय आहे. आयफोनवर त्याला ग्राहकाची परवानगी लागते. अँड्रॉइडवर २०१७च्या ८.० आवृत्तीपासून आयकॉनवर ठिपका येतो, तोही वर नोटिफिकेशन पडून असेल तरच. ठिपका दाखवायचा की आकडा, हे त्या फोनचा लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप, ठरवतो. २०२२च्या अँड्रॉइड १३पासून तर नोटिफिकेशनलाही परवानगी विचारावी लागते. ग्राहकाने ‘नाही’ म्हटलं तर आमच्या हातात काही उरत नाही.

यापुढे कोटेशनमध्ये सर्व्हरचं काम वेगळं दाखवू, आणि काम कुठवर आलंय ते मध्येमध्ये कळवत राहू. इतरही काही सुधारणा करतो आहोत. ज्या फोनवर आयकॉनचा आकडा दिसत नाही त्यांचं मॉडेल आणि स्क्रीनशॉट पाठवा, लगेच बघतो, त्याचे पैसे नाहीत. स्टार वाढवा असं म्हणणार नाही. टॅबवरचा आकडा बरोबर चालतोय, एवढं मात्र रिव्ह्यूमध्ये लिहिलंत तर उपकार होतील. तुम्ही स्वतःच फोनवर ते म्हणाला होतात.